तळटिपेतली गवाही

मुस्लिम मराठी साहित्याचा मेळावा भरला की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते : आता आपल्या साहित्यावर विद्यापीठांतून प्रबंध होऊ लागले आहेत. टाळ्या पडतात. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ही गोष्ट अप्रूपाची होती. आज ती नित्याची झाली आहे आणि तिचा आनंद आम्हालाही आहे. पण हे प्रबंध पदवी मिळाल्यानंतर जातात कुठे, आणि नंतर येणारे अभ्यासक त्यांचे ऋण कोणत्या शब्दांत नोंदवतात, याची चर्चा मात्र आपल्याकडे होत नाही. संदर्भ देणे ही टंकलेखकाच्या पातळीवरची किरकोळ बाब आहे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. आम्हाला ती घातक वाटते.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपुरते बोलू. शिरूरच्या बोरा महाविद्यालयात किंवा दौंडच्या कटारिया महाविद्यालयात शिकलेली आपली मुले-मुली पुढे संशोधनासाठी पुण्याच्या विद्यापीठाकडे वळतात. मराठी विषय घेतलेला मुस्लिम विद्यार्थी असला, तर त्याच्यासमोर एक विषय जणू आपोआप येऊन उभा राहतो, तो म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद. कारण उघड आहे. शिरूरला घोडनदी ओलांडली, दौंडला भीमा ओलांडली, की पलीकडे नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर), आणि तिथे श्रीगोंद्यात या संताची समाधी. घरातल्या नानीने त्यांचे नाव घेतलेले असते, वारकरी शेजाऱ्यानेही घेतलेले असते. विषय जिव्हाळ्याचा आहे, आणि नेमके तिथेच संदर्भांचे काय होते ते पाहण्यासारखे आहे.

शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ शके १५६७ मधला, म्हणजे इसवी सन १६४५ चा. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे साहित्य संपादून छापले. रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक १९६७ चे. या दोन अभ्यासकांच्या खांद्यावर पुढचे सारे प्रबंध उभे आहेत. आता विद्यार्थी काय करतो? तो दौंडहून सकाळची गाडी पकडून किंवा शिरूरहून एस.टी.ने पुण्याला जातो, जयकर ग्रंथालयात बसतो आणि आधीच्या कुणा अभ्यासकाचा प्रबंध काढून घेतो. त्यात बेंद्र्यांच्या प्रस्तावनेतला एक उतारा असतो, खाली पृष्ठांक असतो. विद्यार्थी तो उतारा वहीत घेतो, आणि घरी येऊन आपल्या लेखनात तळटीप देतो ती थेट बेंद्र्यांची. ज्या प्रबंधातून उतारा आला, त्याचे नाव कुठेच नाही. बेंद्रे वाचलेले नाहीत, पण वाचल्याची सही मात्र झाली.

यात बिघडले काय, असे विचारणारे प्राध्यापकही आम्हाला भेटले आहेत. उतारा बेंद्र्यांचाच आहे ना, मग नाव त्यांचेच दिले! बिघडते ते असे. मधल्या अभ्यासकाच्या हातून पृष्ठांक चुकलेला असेल, एखादा शब्द गळलेला असेल, शके आणि इसवी सन यांची सरमिसळ झालेली असेल, तर ती चूक आता बेंद्र्यांच्या नावावर चढते. ‘योगसंग्राम’ इसवी सन १५६७ चा, असे विधान आम्ही एकाहून अधिक ठिकाणी वाचले आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा फरक कुणा एकाच्या घाईतून आला असणार. पण पुढच्यांनी मधला दुवा पुसून टाकल्यामुळे ती घाई नेमकी कुणाची, हे शोधण्याची वाटच राहिली नाही.

आपल्या वाचकांना ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी परदेशी नियमपुस्तिकेची गरज नाही. हदीसच्या संकलनात मजकुराइतकेच, किंबहुना काकणभर अधिक महत्त्व इस्नादला दिले गेले. अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आणखी कुणाकडून ऐकले, ही कडी न कडी सांगितल्याशिवाय मजकूर पुढे जात नसे. मधला एक रावी गाळून थेट वरच्या माणसाचे नाव घेणे, यालाही त्या शास्त्रात स्वतंत्र नाव आहे : तदलीस. तो दोष मानला गेला. मराठीत आपण त्यासाठी साधे लिहावे : ‘बेंद्रे, अमुक यांच्या प्रबंधात उद्धृत, पृ. अमुक.’ एवढ्या चार शब्दांनी दोघांचेही देणे फिटते, आणि लिहिणाराही खोटी सही करण्यापासून वाचतो.

आता प्रबंधाच्या नोंदीत काय असावे हे एकदा स्पष्ट सांगून टाकू. अभ्यासकाचे आडनाव आणि पूर्ण नाव, अवतरणचिन्हांत प्रबंधाचे शीर्षक, तो पीएच.डी.चा प्रबंध आहे की एम.फिल.ची प्रबंधिका, अप्रकाशित असल्यास तसा उल्लेख, विद्यापीठ आणि गाव, सादर केल्याचे वर्ष. प्रत कुठे पाहिली ते ग्रंथालय किंवा संकेतस्थळही द्यावे. पुस्तकाचे शीर्षक तिरप्या ठशात आणि अप्रकाशित प्रबंधाचे अवतरणात, ही शिकागोची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे. एपीएची पद्धत निराळी आहे, ती प्रबंधाचे शीर्षकही तिरप्या ठशात घेते आणि कोणत्या पदवीचा ते चौकटी कंसात सांगते. कोणतीही पाळा, एकच पाळा. विद्यार्थी मात्र गडबडतात ते इंग्रजी शब्दांत. अमेरिकेत पीएच.डी.साठी लिहितात ते डिझर्टेशन आणि एम.ए.साठी लिहितात तो थिसिस. आपल्याकडे, इंग्रजांच्या वळणाने, नेमके उलटे. त्यामुळे परदेशी नमुना समोर ठेवून नक्कल केली की एम.फिल.ची प्रबंधिका पीएच.डी. होऊन बसते. मराठीत ‘शोधप्रबंध’ आणि ‘प्रबंधिका’ किंवा ‘लघुप्रबंध’ हे शब्द स्वच्छ आहेत. ते वापरावेत.

‘तत्रैव’ आणि ‘उनि’ यांच्याविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. संगणकावर परिच्छेद इकडचा तिकडे हलवणे सोपे झाल्यापासून हे दोन संक्षेप धोक्याचे ठरले आहेत. वरची तळटीप हलली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटते. एका प्रबंधिकेत ‘तत्रैव’च्या जोरावर शेख महंमदांची ओवी एका शासकीय अहवालात सापडत होती. आम्ही हसलो खरे, पण परीक्षकही ते न वाचताच पुढे गेले होते. सरळ आडनाव, वर्ष आणि पृष्ठांक द्यावा.

नावांचा प्रश्न मात्र आपला खास आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. मराठी सूचीत आडनाव आधी येते. ही रीत कुलकर्णी-पाटलांना सोयीची आहे. आपल्याकडे तिने गोंधळ होतो. शेख महंमद हे संतकवी काही सूचींत ‘महंमद, शेख’ असे ‘म’ खाली जातात, काहींत ‘शेख’ खाली, काहींत ‘श्रीगोंदेकर’. मध्ययुगीन संताला आडनाव नव्हते. ‘शेख महंमद’ हे अख्खे नावच ‘श’ खाली यावे. शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. ‘शेख’ हे त्यांनी धारण केलेल्या नावाचा भाग होते. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख यांच्या नावात वडिलांचे ते पूर्ण नाव उतरले आहे. हे माहीत नसलेला सूचीकार ‘शेख, म. अ.’ असे लिहून मोकळा होतो, आणि एका कवयित्रीचे तो काय करतो हे त्याला कळतही नाही.

आद्याक्षरांचा सोस आपण तरी सोडलाच पाहिजे. डॉ. यू. म. पठाण हे नाव सर्वांना ठाऊक आहे. १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांना यूसुफखान महंमदखान असे पूर्ण लिहिले नाही तरी ते हरवणार नाहीत. पण शिरूर-दौंडकडच्या एखाद्या गावच्या शाळेत शिकवत शिकवत आठ वर्षांनी प्रबंध पुरा केलेला ‘शेख, अ. र.’ शंभर शेखांत कसा ओळखू यावा? पूर्ण नाव लिहा, वडिलांच्या नावासकट. स्त्री-अभ्यासकांच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. एम.फिल. माहेरच्या नावाने, पीएच.डी. सासरच्या नावाने, आणि पुस्तक तिसऱ्याच नावाने. सूचीत एका बाईच्या तीन बाया होतात आणि तिघींचेही काम तोकडे दिसते. नोंद शीर्षकपृष्ठावर असेल त्याच नावाने करावी, आणि दुसरे नाव ठाऊक असेल तर कंसात द्यावे. रोमन लिपीत तर विचारू नका. शोधगंगेवर ‘शेख’ तीन-चार स्पेलिंगांनी येतो, ‘सय्यद’ही तसाच. सगळी स्पेलिंगे घालून पाहिल्याशिवाय ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे आवडते वाक्य कुणी प्रस्तावनेत लिहू नये.

जे माणसांच्या नावांचे तेच गावांचे आणि विद्यापीठांचे. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत दौंड हे ‘धोंड’ आहे. १८७८ साली सुरू झालेली लोहमार्गाची शाखा ‘धोंड-मनमाड’ म्हणूनच नोंदली गेली. शिरूर ‘सिरूर’ आहे, लोकांच्या तोंडी घोडनदी. श्रीगोंदे जुन्या कागदांत चांभारगोंदे. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरमध्ये ‘दौंड’ शोधणारा रिकाम्या हाताने परत येतो. तसेच पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ साली मिळाले, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला. १९८५ च्या प्रबंधापुढे ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असे लिहिणाऱ्याचा हेतू आदराचा असतो, हे आम्हाला मान्य आहे. नामविस्तारासाठी लोकांनी काय सोसले हेही आम्ही विसरलेलो नाही. तरी शीर्षकपृष्ठावर जे छापले आहे तेच संदर्भात यावे, आजचे नाव हवे तर कंसात. कागद कोणत्या काळाचा आहे, हे त्याच्यावरच्या नावावरून कळते.

वर्षाच्या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण बोलके आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा अभ्यास कोलंबिया विद्यापीठातल्या १९१३ ते १९१६ या मुक्कामाचे फळ. त्याचे पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग यांनी १९२५ मध्ये काढले, प्राध्यापक सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. आणि छापील प्रती विद्यापीठाला पोचल्यावर पीएच.डी. विधिवत मिळाली ती १९२७ मध्ये. आता यातले कोणते वर्ष लिहायचे? उत्तर एकच : आपल्या हातात जे आहे त्याचे. पुस्तक वाचले असेल तर १९२५ आणि प्रकाशक. प्रबंध वाचला नसताना प्रबंधाची नोंद करणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची गवाही देणे. आपल्याकडेही प्रबंधाचे पुस्तक होताना शीर्षक बदलते, प्रकरणे गळतात, परिशिष्टे तर प्रकाशक पहिल्यांदा कापतो. प्रबंध आणि पुस्तक ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत असे समजूनच चालावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची संगणकीय प्रत बंधनकारक केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने शोधगंगा हे भांडार उभे केले. दौंडच्या मुलीला आता प्रत्येक वेळी पुण्याला जावे लागत नाही, ही फार मोठी गोष्ट झाली. मात्र तिथे प्रबंध प्रकरणांच्या सुट्या फाइलींत असतो. पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा आणि कागदावर छापलेला पृष्ठांक वेगळे असतात. संदर्भात कागदावरचाच द्यावा. प्रबंध पूर्ण झाल्याची तारीख आणि तो भांडारात चढवल्याची तारीख या दोहोंत कधीकधी दहा-दहा वर्षांचे अंतर असते. वर्ष पहिले घ्यावे.

आणि मग २०१८ ची वाङ्मयचौर्यविरोधी नियमावली आली. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करायचे नाही. साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, टक्के. ‘मुस्लिम समाज’ खोडून ‘इस्लामधर्मीय जनसमूह’ करायचे, ‘दारिद्र्य’ काढून ‘विपन्नावस्था’ घालायची, की टक्के उतरतात. विचार दुसऱ्याचा तो दुसऱ्याचाच राहतो, मराठी तेवढी बिघडते. अवतरणचिन्हांत, नावासकट दिलेला मजकूर या मोजणीतून वगळला जातो, हे त्याच नियमावलीत लिहिले आहे. म्हणजे प्रामाणिकपणे संदर्भ देणाऱ्याला टक्क्यांची भीती बाळगण्याचे कारणच नाही. पण हे शिकवते कोण?

या यंत्राचा एक आंधळेपणा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जुने मराठी प्रबंध टंकलिखित, त्यांची पाने नुसती छायाचित्रे म्हणून चढवलेली. नंतरचे काही जुन्या फाँटांतले, ज्यांची अक्षरे आजच्या संगणकाला कळत नाहीत. इंग्रजी प्रबंधातली चोरी पकडली जाते. १९८०-९० च्या काळातल्या मराठी प्रबंधातून अख्खे प्रकरण उचलले तरी यंत्र शून्य टक्के दाखवू शकते. तेव्हा मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकावर पहारा फक्त त्याच्या इमानाचाच.

प्रबंधिकांची स्थिती याहून नाजूक आहे. शोधगंगेचा भर पीएच.डी.वर. एम.फिल. ही पदवीच २०२२ च्या नियमावलीने बंद झाली. म्हणजे एम.फिल.च्या प्रबंधिका आता नव्याने होणार नाहीत, आणि ज्या झाल्या त्या विभागांच्या, महाविद्यालयांच्या कपाटांत काळ्या-निळ्या कापडी बांधणीत पडून आहेत. कपाट हलते, वाळवी लागते, ग्रंथपाल निवृत्त होतो. त्या प्रबंधिकेचा कुणी आपल्या लेखात नीट संदर्भ दिला असेल, तर निदान ती होती एवढे तरी पुढच्याला कळते. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.लाच संशोधन प्रकल्प आणला आहे. म्हणजे संदर्भाची सवय आता एम.ए.च्या वर्गातच लावावी लागेल. वर्गात शिकवताना एकच गोष्ट आधी सांगावी, असे आम्हाला वाटते : प्रबंध हातात आला की पहिला उतारा घेण्याआधी शीर्षकपृष्ठ वहीत पूर्ण उतरवा. परत पुण्याला जाण्याचे भाडे वाचेल.

एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, हे स्वल्पविरामांचे कर्मकांड प्रस्थापितांनी उभे केले. पहिल्या पिढीत शिकणाऱ्याला त्यात अडकवून त्याचा आवाज दाबू नका. अर्धे खरे आहे. स्वल्पविराम चुकला म्हणून प्रबंध परत करणारा आणि आशयाकडे ढुंकूनही न पाहणारा परीक्षक आम्हीही पाहिला आहे. पण नामवंतांचे काम तळटिपेवाचूनही टिकते. ढेऱ्यांना, बेंद्र्यांना आपल्या नोंदीची गरज नाही. गरज आहे ती मुलाणी, आतार, तांबोळी, पिंजारी घरांतून आलेल्या, कुणी प्रकाशक न मिळालेल्या अभ्यासकाला. त्याचा प्रबंध हेच त्याचे एकमेव पुस्तक. त्याचे नाव गाळून थेट मोठ्या नावाकडे उडी मारणारे बहुधा आपणच असतो, कारण मोठे नाव दिल्याने आपली तळटीप वजनदार दिसते. आवाज दाबला जातो तो इथे.

याचे सर्वांत बोचरे रूप लोकसाहित्याच्या प्रबंधांत दिसते. लग्नातल्या हळदीची, ‘बिदाई’ची, पाळण्याची गाणी आपल्या बायका दखनी-मराठीच्या मिश्र बोलीत म्हणतात. अशी गाणी कुणी अभ्यासक गावोगाव फिरून, ओसरीवर बसून उतरवून घेतो. प्रबंधाच्या परिशिष्टात प्रत्येक गाण्याखाली लिहितो : गाणाऱ्या बाईचे नाव, वय, गाव. पुढचा अभ्यासक गाणे उचलतो आणि खाली लिहितो, ‘पारंपरिक’. त्या एका शब्दात अभ्यासक गेला, आणि जिच्या गळ्यातून ते आले ती खालाही गेली. छापील पुस्तकात तिचे नाव नसते, मतदारयादीशिवाय दुसऱ्या कुठल्या कागदावर नसते. प्रबंधाच्या परिशिष्टात होते, तिथूनही आपण ते काढून टाकले.

या वार्षिकाने पुढच्या अंकापासून दोन पाने राखून ठेवावीत, अशी आमची सूचना आहे. ज्यांनी आपल्या परिसरातल्या ग्रंथालयात एखादा प्रबंध किंवा प्रबंधिका प्रत्यक्ष हाताळली आहे, त्यांनी तिची नोंद पाठवावी. ऐकीव नोंदी नकोत. शिरूर-दौंडची जबाबदारी आम्ही घेतो. लोकगीतांच्या प्रबंधांची नोंद पाठवताना परिशिष्टाचे पृष्ठांक वेगळे द्यावेत, आणि त्याखाली गाणाऱ्या बायकांची नावे व गावे, अभ्यासकाने जशी लिहिली आहेत तशीच उतरवावीत.